बुलबुलाची जाळी गेली. आता आमच्या भिंतीलगत करवंद लावायचं आहे

माळावरचं घर, पाचगाव
१२ मे, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. प्रश्न करवंदाचा आहे, पण आधी काय झालं ते सांगते.

आमचं घर कोल्हापूरलगतच्या पाचगावच्या वरच्या अंगाला, माळावर. अडीच गुंठ्यांचा प्लॉट. वर वीतभर तांबूस माती आणि खाली मुरूम. पहार मारली की खणखण वाजतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी एक दिवसाआड आणि मे उजाडला की टँकर. त्यामुळे अंगणात मोगरा, जास्वंद, तुळस आणि एक कढीपत्ता, एवढंच टिकलंय.

शेजारचा प्लॉट आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मोकळाच होता. त्याच्या कोपऱ्यात, आमच्या कुंपणाच्या भिंतीला अगदी लागून, करवंदाची एक जुनी जाळी होती. कुणी लावलेली नव्हे, माळाचीच. माझ्या डोक्याच्या वर गेलेली आणि आत इतकी गच्च की मांजरालाही शिरता यायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती समोरच दिसायची. फाल्गुनात पांढरी फुलं लागली की भाकरी थापताना जाईसारखा वास यायचा. शिपाई बुलबुलाची एक जोडी, डोक्यावर काळा तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेली, दरवर्षी त्यात घरटं करायची. तीच जोडी की दुसरी, हे मला सांगता यायचं नाही, पण एकही उन्हाळा रिकामा गेला नाही.

यंदाचं घरटं खिडकीतून नीट दिसत होतं. छातीएवढ्या उंचीवर, तीन फांद्यांच्या बेचक्यात, आमटीच्या वाटीएवढं. बारीक मुळ्या, वाळलं गवत, कोळ्याचं जाळं आणि मधूनच दुधाच्या पिशवीची एक निळी पट्टी विणलेली. अंडी गुलाबीसर, त्यावर तांबडे शिंतोडे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पिल्लं बाहेर आली.

२२ एप्रिलला सकाळी दहा वाजता जेसीबी आला. जागा मालकांची आहे, तिथं त्यांनी घर बांधावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काम घेतलेल्या माणसाला मी हात जोडून सांगितलं, घरट्यात पिल्लं आहेत, बाकी सगळं काढा, तेवढा कोपरा आठ दिवस ठेवा. तो म्हणाला, "वहिनी, मशीन तासावर आहे." पंधरा मिनिटांत जाळी मुळासकट ट्रॉलीत गेली. पिल्लांचे डोळे उघडले होते. पंखांवर पिसांच्या नळ्या फुटल्या होत्या. मी शोधली, सापडली नाहीत.

संध्याकाळपर्यंत ती बुलबुलाची जोडी विजेच्या तारेवर बसून होती. एकाच्या चोचीत हिरवी अळी होती. ती त्यानं गिळलीही नाही आणि टाकलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली, जिथं जाळी होती तिथं दोनदा खाली उतरून वर गेली. तिसऱ्या दिवसापासून दिसली नाहीत.

तेव्हापासून माझ्या मनानं घेतलंय की तशीच जाळी आपल्या हद्दीत उभी करायची, म्हणजे कुणाच्या दारात हात जोडायला जायला नको. पश्चिमेच्या कुंपणाच्या भिंतीलगत तीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टी मोकळी आहे. दिवसभर ऊन. एका नर्सरीत गेले तर त्यांनी पिवळ्या पानांचा डुरांटा पुढं केला, वर्षाला चार वेळा कापायचा म्हणाले. करवंद मागितलं तर म्हणाले, जंगली झाड कोण लावतं बंगल्यात?

तर मला विचारायचंय: रोप कुठून आणायचं की बी लावायची? किती अंतरावर लावायचं? टँकरच्या पाण्यावर जगेल का? आणि त्यात पक्षी राहायला यायला किती वर्षं लागतील? मी त्रेपन्न वर्षांची आहे, थांबायची तयारी आहे. फक्त चुकीचं काही लावून वर्षं वाया घालवायची नाहीत.

फुलवेडी, राजारामपुरी
१२ मे, रात्री १०.१५

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. माझा सल्ला: घाणेरी लावा. फुकट मिळते, पाणी लागत नाही, बारा महिने फुलं. आमच्या गच्चीवर कुंडीत आहे, फुलपाखरं नुसती तुटून पडतात. बुलबुल तिची काळी फळं आवडीनं खातात. सहा महिन्यांत तुमची भिंत झाकली जाईल. करवंदाची वाट बघत कशाला बसता?

मसाईवाट
१३ मे, सकाळी ६.०५

ताई, रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागली नाही. माझं लहानपण मसाई पठाराच्या पायथ्याच्या वाडीत गेलं. आमची आई मे महिन्यात पहाटेच्या एसटीनं करवंदाची पाटी घेऊन कोल्हापुरात यायची. पळसाच्या पानाचे द्रोण, वर ओला फडका, आणि "डोंगरची काळी मैना" म्हणत गल्ल्या पालथ्या घालायची. आम्ही पोरं जाळीत शिरून तोडायचो. हातापायांवर ओरखडे, बोटं चिकानं चिकट झालेली. करवंद दातानं फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढुरकं निघालं तर कोंबडी. जो हरेल त्यानं आपली मूठ दुसऱ्याच्या ओंजळीत रिकामी करायची. जाळीत घरटं दिसलं तर त्या फांदीला हात लावायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण तसंच चालायचं.

आधी घाणेरीबद्दल. फुलवेडीताई, राग मानू नका, तुम्ही कुंडीत ठेवलीय आणि फुलपाखरं येतात हे खरंच आहे. पण माळावर ती लावायची नाही. ती आपली नव्हे, ब्रिटिशांच्या काळात शोभेसाठी अमेरिका खंडातून आणलेली. बुलबुल फळ खातो आणि बी डोंगरात टाकतो, त्यामुळे तुमच्या भिंतीला लावलेली घाणेरी तुमच्या भिंतीलाच राहत नाही. आमच्या वाडीच्या वरच्या उतारावर ज्या जागी करवंद, तोरणं, धायटी आणि मुरुडशेंग होती, तिथं आता एकसारखी घाणेरी आहे, खाली गवत नाही. गुरं चुकून खातात आणि आजारी पडतात. आई असती तर तिला पाटी भरायला आज दुप्पट चालावं लागलं असतं.

आता करवंद. तुम्ही मुरूम मुरूम म्हणून काळजी करताय, पण करवंदाचं घरच ते आहे. मी सध्या बालिंग्याजवळ राहतो, भोगावतीच्या अंगाला, काळी कसदार जमीन. हौसेनं दहा करवंदं लावली, शेणखत घातलं, रोज पाणी घातलं. पानं मोठी झाली, फांद्या लुसलुशीत, फुलं नाहीत. आणि २०१९ च्या पुरात आठवडाभर पाणी उभं राहिलं, तर दहाच्या दहा गेली. मुळं कुजून काळी पडलेली. त्याच बांधावरची निरगुडी मात्र गाळातून पुन्हा फुटली. तेव्हा मला कळलं की करवंदाला उपाशी ठेवलेलं चालतं, भिजत ठेवलेलं चालत नाही. तुमच्याकडं उतार आहे, पाणी थांबत नाही, दिवसभर ऊन आहे. याहून चांगली जागा मला कोल्हापुरात शोधून सापडायची नाही.

रोप विकत घेताना मात्र डोळ्यात तेल घाला. करवंद म्हणून तीन झाडं विकतात. एक आपलं डोंगरी: फळ वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरव्याचं काळं होतं. दुसरं लोणच्याचं: फळ मोठं, पांढरट गुलाबी. तेही वाईट नाही, आपल्याच देशातलं आहे, पण त्याची जाळी डोंगरीसारखी गच्च होत नाही. तिसरं आफ्रिकेतलं: पान जाड, गोलसर आणि चकचकीत, फूल मोठं, फळ लांबट लाल. शोभेच्या कुंडीत तेच असतं. ते घेऊ नका.

आणि एक विनंती, जंगलातून जाळी उपटून आणू नका. राखीव जंगलातून तसं काढता येत नाही हे झालंच, पण जुन्या करवंदाचं मूळ खडकाच्या भेगेत गेलेलं असतं, ते निघताना तुटतं. शंभरातलं एखादं जगतं.

बी लावा. आत्ताच दिवस आहेत. कपिलतीर्थाच्या बाजारात नाहीतर शाहूवाडी, पन्हाळ्याकडून आलेल्या बायका बसतात तिथं जा, एक द्रोण घ्या, पूर्ण काळी आणि मऊ झालेली बाजूला काढा. खा आणि बिया ठेवा. चपट्या बिया असतात, त्यांना गर चिकटलेला राहतो. तो राखेत चोळून धुवून काढायचा, नाहीतर बुरशी येते. एक दिवस सावलीत पसरायच्या आणि आठवड्याच्या आत पेरायच्या. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवल्यात तर उगवणार नाहीत, करवंदाचं बी जुनं होऊन चालत नाही. पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत. पिशवीला खाली चार भोकं. एका पिशवीत दोन बिया, नखाएवढ्या खोल. सगळीच रोपं कामाला येत नाहीत, म्हणून लागतील त्याच्या तिप्पट पिशव्या भरा.

दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. आणि मग तुमची परीक्षा. पहिल्या वर्षात झाड वीत-दीड वीत वाढतं, त्यापुढं नाही. लोकांना वाटतं रोप मेलं, उपटून टाकतात. ते खाली मूळ घालत असतं. पुढच्या मृगात जमिनीत लावा. मुरमात दीड फुटाचा खड्डा पहारेनं आत्ताच, या उन्हाळ्यात काढून ठेवलात तर वर्षभर ऊन-पाऊस खाऊन तो भुसभुशीत होईल. तीन तीन फुटांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून. पहिला उन्हाळा दहा दिवसांतून एक बादली, आळ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन. दुसरा उन्हाळा महिन्यातून दोनदा. तिसऱ्या उन्हाळ्यापासून बादली घेऊन गेलात तरी घालू नका.

बावड्याचा शिंपी
१३ मे, दुपारी १.३०

कसबा बावड्यात राहतो, पंधरा वर्षं पक्षी बघतोय. मसाईवाट काकांचं बी आणि मुळांबद्दलचं सगळं मान्य. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे: तीस फूट सगळं करवंद लावू नका.

ताई, तुम्ही जी अळी चोचीत बघितली, तिथं माझं लक्ष अडकलं. बुलबुल स्वतः फळं खातो, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या, नाकतोडे, कोळी असलंच मऊ खाणं भरवतो. पिल्लाचं अंग त्याशिवाय भरत नाही. म्हणजे नुसतं घर बांधून भागत नाही, घराजवळ किडा पाहिजे. आणि किडा पाहिजे तर वेगवेगळी झाडं पाहिजेत, कारण बहुतेक फुलपाखरांची अळी ठरलेल्याच झाडाचं पान खाते. तुमच्याकडं कढीपत्ता आहे ना? त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी अळी बसलेली दिसेल. ती मोठी झाली की हिरवी होते. काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं जे मोठं फुलपाखरू दिसतं, त्याची ती पोर. आपण ती बघून औषध मारतो.

म्हणून माझा हिशोब असा: मधे सलग सहा-सात करवंदं, तो किल्ला. एका टोकाला दोन तरवड. मुरमाड माळावर तरवडासारखं सुखी झाड नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, जवळपास वर्षभर पिवळी फुलं, आणि नवरात्रात घटाच्या माळेला शेजारणी तुमच्याच दारात येतील. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याची पानं खातात. काळे भुंगे फुलाला लटकून असे घुमतात की खिडकीत ऐकू येतं. दुसऱ्या टोकाला अडुळसा आणि निरगुडी. दोन्ही फांदीवर येतात, पावसाच्या सुरुवातीला बोटाएवढी जाड फांदी वीतभर तोडून खोवायची, झालं. तुम्ही म्हणालात वर्षं वाया घालवायची नाहीत. ही तिन्ही झाडं याच पावसाळ्यात लावता येतात, दुसऱ्या वर्षी कमरेच्या वर जातात. तोवर करवंद पिशवीत असलं तरी पट्टी रिकामी दिसणार नाही. जागा उरलीच तर एक धायटी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या नळीसारख्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात.

कधी येतील हा तुमचा प्रश्न. वटवट्या हा बारका पक्षी पहिला येईल, त्याला कमरेएवढं दाट झुडूप पुरतं आणि तो पावसाळ्यात घरटं करतो. माझं टोपणनाव ज्याच्यावरून आहे त्या शिंप्याला पानं शिवायला रुंद पान लागतं, करवंदाचं पान त्याला पुरत नाही, म्हणून अडुळसा. बुलबुलाला मात्र आतून गच्चपणा हवा. करवंद चांगलं चार वर्षांचं झालं की बघा.

छाटणी. ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. मार्च-एप्रिलमध्ये लोक बाग नीटनेटकी करतात, म्हणजे नेमकी अंडी असताना. बुलबुल साधारण फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत घरटी करतो, वटवट्या पावसात. उरते ती दिवाळीच्या आसपासची वेळ. तेव्हाच कोयता लावायचा आणि तोही एका वर्षी तिसऱ्या हिश्शालाच, म्हणजे दोन हिस्से दाट राहतात. चार फुटांची पट्टी आहे म्हणून बाहेर आलेल्या फांद्या काढाव्या लागतील, पण खालच्या फांद्या कधीच काढू नका. खालून मोकळं केलेलं झुडूप म्हणजे मांजराला जिना.

खाली पडलेला पाला झाडून काढू नका. सातभाई पक्षी तो उलटा करत फिरतात, तीच त्यांची रोजची भाकरी. आणि कधी घरटं दिसलं तर अंडी बारा-तेरा दिवस, मग पिल्लं बारा-तेरा दिवस, एवढा काळ तिकडं पाठ करायची. फोटो काढायला फांदी बाजूला करू नका. फांदी आपण सोडतो, पण कावळ्यानं पाहिलेलं असतं.

माळावरचं घर, पाचगाव
१५ मे, रात्री ८.५०

काका, दादा, तुमचं दोघांचं मी वहीत उतरवून घेतलं. काल कपिलतीर्थ मार्केटला गेले होते. शाहूवाडीच्या एक आजी बसल्या होत्या. बी लावायला हवंय म्हटल्यावर त्यांनी पाटी चाळून चाळून काळीभोर करवंदं वेगळी काढून दिली, वर मूठभर फुकट घातली. म्हणाल्या, लावणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. घरी सगळ्यांनी बसून खाल्ली. नातू कोंबडा-कोंबडी शिकला. एकशे वीस बिया निघाल्या. राखेत चोळल्या, सुपात वाळत घातल्यात.

फुलवेडीताई, तुमच्या मनात काही राहू नये. तुम्ही रात्री दहा वाजता माझ्यासाठी लिहिलंत ते मी विसरणार नाही.

आता अडचण. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना पहाटे अंगणात फिरायची सवय. त्या म्हणतात, "जाळी आली की जनावर आलंच." त्यांच्या माहेरी बांधावरच्या जाळीत घोणस निघाली होती आणि त्यांचा भाऊ गेला. त्यांची भीती खोटी आहे असं मी त्यांना सांगू शकत नाही. पाला झाडू नका म्हणताय, तर हे दोन्ही कसं जमवायचं?

रानवाट_करवीर
१५ मे, रात्री ११.२०

साप पकडून सोडायचं काम करतो, म्हणून यावर लिहितो. आजींची भीती खरी आहे. घोणस पाल्याच्या रंगाचीच असते आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. जाळीत साप येतच नाही असं जो सांगेल त्याचं ऐकू नका.

पण मला फोन येतात ते बहुतेक घरातून, आणि तिथं कारण एकच असतं: उंदीर. कोंबड्यांचं दाणं सांडलेलं, पायरीखाली विटा रचलेल्या, मोरीच्या पाइपला जाळी नाही. साप उंदराच्या मागं येतो. पश्चिमेची पट्टी आणि घर यांच्यामधे निदान पाच-सहा फूट जागा अगदी स्वच्छ ठेवा, फरशी किंवा चोपलेला मुरूम, तिथं पान पडलं तर रोज उचला. पाला फक्त झुडपाच्या बुडाशी, त्याच्यापुढं विटांची एक ओळ म्हणजे तो पसरणार नाही. उघड्यावर साप सहसा रेंगाळत नाही आणि असला तरी दिसतो. आजींची फेरी पूर्वेच्या बाजूला ठेवा, हातात बॅटरी, पायात बंद चप्पल. जाळीच्या बुडात हात घालायचा नाही, फळ पडलं तरी काठीनं ओढायचं. पाण्याचं भांडं पक्ष्यांसाठी ठेवणार असाल तर ते खाली न ठेवता टांगा.

धामण दिसली तर मारू नका. तुमच्या प्लॉटमधले उंदीर तीच संपवते. दिसलं काहीही, तरी लांबून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. आणि कुणाला चावलंच तर मांत्रिक, दोरी, ब्लेड यातलं काही नको. पाय हलवू न देता थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी हॉस्पिटल.

मसाईवाट
१६ मे, सकाळी ५.५०

रानवाट यांनी चांगलं सांगितलं, मला हे सुचलं नसतं. ताई, आजींना माझा नमस्कार सांगा. पट्टी घरापासून लांबच आहे, तरी त्यांच्या मनाला पटेपर्यंत खड्डे काढू नका. बिया आत्ता कुठं पिशवीत जायच्या आहेत, वर्ष हातात आहे.

आणि शिंपी, तुमचं मिश्र लावायचं म्हणणं मला पटलं. आमच्या डोंगरात तरी नुसतं करवंद कुठं होतं.

माळावरचं घर, पाचगाव
१९ जून, संध्याकाळी ६.१५

कळवायला उशीर झाला. वळीव दोनदा चांगला झाला आणि मृगानंही तोंड दाखवलं. साठ पिशव्यांपैकी चव्वेचाळीसमध्ये उगवलंय. पहिला कोंब आला तो अठराव्या दिवशी. काल भिंग घेऊन बघितलं, दोन गुळगुळीत पानं आणि मधून निघालेला तांबूस शेंडा. मी नातवाला दाखवायला एक पान चुकून तोडलं, तर एवढ्याशा देठातूनसुद्धा पांढऱ्या चिकाचा थेंब आला.

तरवडाच्या दोन काड्या उगवल्या नाहीत म्हणून शेंगांतलं बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून टाकलं, ते चौथ्या दिवशी वर आलं. अडुळसा आणि निरगुडीच्या फांद्या खोवल्यात. निरगुडीला पालवी आहे, अडुळशाचं अजून कळत नाही.

सासूबाईंनी स्वतः विटांची ओळ कुठं टाकायची ते काठीनं आखून दिलं. सात फूट सोडलेत. आता म्हणतात, खड्डे आषाढीच्या आधी काढा.

शेजारी जोत्यापर्यंत काम आलंय. कालपासून एक शिपाई बुलबुल तारेवर येऊन बसतोय, एकटाच आहे. मी कढीपत्त्यावरच्या अळ्यांना हात लावलेला नाही. आज दुपारी त्यानं तिथून एक नेली, पश्चिमेला, विद्यापीठाच्या झाडांकडं नव्हे तर टेकडीच्या बाजूला. म्हणजे तिकडं कुठं तरी घरटं असेल का?

आणि काका, पिशव्या सध्या पत्र्याच्या सावलीत आहेत. पावसाचा मार लागू द्यायचा की नाही? ऊन कधीपासून?

मसाईवाट
१९ जून, रात्री ९.००

आर्द्रा संपेपर्यंत सावलीतच. जोराचा पाऊस कोंब मोडतो. त्यानंतर सकाळचं ऊन, दहापर्यंत. चार पानं झाली की उघड्यावर. एका पिशवीत दोन उगवले असतील तर उपटू नका, अशक्त असेल तो कात्रीनं कापा, नाहीतर दुसऱ्याचं मूळ हलतं.

चोचीत अळी धरून लांब गेला ना? मग पिल्लं आहेत. स्वतःला खायची असती तर तिथंच गिळली असती.